इंजीन बदललं की ऑटोमॅटिक गिअरबॉक्स का बिथरतो

बसचं इंजीन थकलं म्हणून दुसरं चांगलं चाललेलं इंजीन आणून बसवलं, एका सेल्फमध्ये चालू झालं, धूर नाही, आवाज मस्त, आणि गाडी रस्त्यावर काढल्यावर दुसरा गिअर असा झटका देऊन पडतो की उभा असलेला पॅसेंजर पुढच्याच्या अंगावर, तिसरा तर पडायलाच तयार नाही, आणि डॅशवर ट्रान्समिशनची लाइट लागलेली. अशा वेळी गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं ते म्हणजे "गिअरबॉक्स गेला". पण विचार करा, काल जुन्या इंजिनावर व्यवस्थित चालणारा गिअरबॉक्स रात्रीत कसा जाईल? बहुतेक वेळा तो गेलेला नसतो, त्याला मिळणारी माहिती बदललेली असते. म्हणून मी कायम सांगतो, पाना हातात घ्यायच्या आधी मल्टिमीटर आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारा स्कॅनर हातात घ्या.

गोव्यात गावोगाव फिरणाऱ्या साध्या बशी अजून हाताने गिअर टाकायच्याच, त्यांना हा त्रास नाही, क्लच प्लेट आणि माऊंटिंग जुळलं की काम झालं. पण लांब पल्ल्याचे कोच, मोठ्या एसी बशी यांच्यात ऑटोमॅटिक गिअर वाढत चाललेत आणि त्यांचं इंजीन बदलताना जुन्या पद्धतीने गेलात तर महिनाभर गाडी उभी राहू शकते.

आधी हा गिअरबॉक्स आतून काय करतो ते बघू. उदाहरणाला ॲलिसनचा ३००० सिरीजचा सहा गिअरचा घेऊ, कंपनी अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची, आपल्याकडे चेन्नईजवळ त्यांचा कारखाना आहे. इंजीन आणि गिअरबॉक्सच्या मधे टॉर्क कन्व्हर्टर, त्यात तेलाच्या जोरावर एक पंखा दुसऱ्याला फिरवतो, दुसऱ्या पंख्याला टर्बाइन म्हणतात. त्याच्या मागे प्लॅनेटरी गिअर आणि पाच क्लच. कुठल्याही पुढच्या गिअरमध्ये यातले दोन क्लच धरलेले असतात, गिअर बदलताना एक सुटतो आणि त्याच वेळी दुसरा धरतो. सगळी मेख या सुटण्या-धरण्याच्या वेळेत आहे. लवकर धरला तर झटका, उशीर झाला तर इंजीन मधेच मोकळं ओरडतं आणि क्लचच्या प्लेटा घासून जळतात.

ही वेळ गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर साधतो, त्याला टीसीएम म्हणतात. तीन स्पीड सेन्सर त्याला सांगत असतात, इंजीन किती फिरतंय, टर्बाइन किती, आणि मागचा शाफ्ट किती. आता हिशेब बघा, या गिअरबॉक्समध्ये दुसऱ्या गिअरचं प्रमाण १.८६ आणि तिसऱ्याचं १.४१. मागचा शाफ्ट मिनिटाला १००० फेरे फिरत असेल तर दुसऱ्यात टर्बाइन १८६० वर असणार आणि तिसरा नीट बसला की १४१० वर यायला पाहिजे. हे ४५० फेरे सेकंदाच्या आत, एका ठरावीक उताराने खाली यावेत म्हणून टीसीएम सोलेनॉइडमधून, म्हणजे विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हमधून, तेलाचा दाब कमी-जास्त करत असतो, आणि सुरुवातीला दाब किती द्यायचा हे तो इंजीन आत्ता किती जोर लावतंय त्यावरून ठरवतो. म्हणजे इंजिनाने सांगितलेला जोर चुकीचा असेल तर गिअर बदलायची सुरुवातच चुकते.

आणि इथे एक गोष्ट आहे जी गॅरेजमध्ये फारशी कोणी बघत नाही. आजची इंजिनं जोर किती आहे ते न्यूटन-मीटरमध्ये दर वेळी सांगत नाहीत, टक्क्यात सांगतात. टक्के कशाचे, तर त्या इंजिनाच्या ठरलेल्या एका आकड्याचे, ज्याला रेफरन्स टॉर्क म्हणतात. समजा जुन्या इंजिनाचा हा आकडा ७०० न्यूटन-मीटर होता आणि नव्याचा ९५०. इंजीन म्हणालं ६० टक्के, जुन्या हिशेबाने ते ४२० झाले, नव्या हिशेबाने ५७०. हा रेफरन्स आकडाही इंजीन वेगळ्या मेसेजमध्ये पाठवतं, तो टीसीएमने उचलला तर ठीक, पण टीसीएमच्या प्रोग्राममध्ये जुनाच आकडा पक्का बसवलेला असेल तर तो ४२० धरून क्लचला कमी दाब देणार आणि क्लच घसरणार. दोन्हीकडे एकही वायर तुटलेली नाही, एकही पार्ट खराब नाही, कदाचित कॉम्प्युटरमध्ये बिघाडाचा कोडसुद्धा येणार नाही, आणि गाडी चढावर मार खाते.

दुसरा असाच प्रकार कमाल फेऱ्यांचा. जुनं इंजीन २५०० पर्यंत जायचं, म्हणून एक्सलेटर पूर्ण दाबलेला असताना गिअर २३५० ला बदलायचा असं प्रोग्राममध्ये लिहिलेलं. नवं इंजीन मोठं, जोर जास्त पण २१०० लाच थांबतं. मग २३५० येणारच कधी? ड्रायव्हर पाय दाबून बसलाय, इंजीन २१०० ला अडकलंय, गाडी दुसऱ्यातच रडतेय, आणि कंटाळून पाय जरा सोडला की लगेच तिसरा पडतो, कारण अर्ध्या एक्सलेटरवर बदलायचा आकडा खालचा असतो. "पाय सोडला की गिअर पडतो" अशी तक्रार ड्रायव्हरने केली तर ती नीट ऐका, निदान अर्धं तिथेच झालं. ड्रायव्हरचं बोलणं मधेच तोडून गाडीखाली शिरणारे मेकॅनिक मला अजिबात आवडत नाहीत.

एक्सलेटरचाही वेगळा घोळ असतो. जुन्या मेकॅनिकल डिझेल पंपाच्या इंजिनावर केबलने पंपाचा लिव्हर ओढला जायचा आणि त्या लिव्हरला गिअरबॉक्ससाठी एक थ्रॉटल सेन्सर जोडलेला असायचा. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या कॉमन रेल इंजिनाला केबलच नाही, पेडलमध्येच दोन सेन्सर, बऱ्याच पेडलमध्ये एकाचं व्होल्टेज दुसऱ्याच्या निम्मं, म्हणजे दोघांचं जुळतं का हे इंजिनाचा कॉम्प्युटर तपासू शकतो. जुना पंप गेला तसा तो थ्रॉटल सेन्सरही भंगारात गेला आणि जुन्या टीसीएमची ती वायर तशीच लोंबकळत राहिली, मग कोड येणारच. यावर काही ठिकाणी जुगाड करतात, त्या वायरवर एक रेझिस्टन्स लावून टाकतात म्हणजे लाइट विझते. कृपया हे करू नका. लाइट विझली तरी गिअरबॉक्सला आता कायम वाटतं की पेडल अर्धं दाबलेलं आहे, उतारावर पाय काढला तरी अर्धं आणि घाटात पूर्ण दाबलं तरी अर्धं, आणि माणसांनी भरलेली बस चोर्ला घाटात चढवताना त्याचे क्लच जळायला लागतात.

आता तारांकडे. इंजीन आणि गिअरबॉक्स एकमेकांशी बोलतात ते दोन पिळलेल्या तारांवर, कॅन नावाच्या पद्धतीने. बॉश कंपनीने १९८६ मध्ये ती जगासमोर आणली आणि ट्रक-बससाठी तिच्यावर जे-१९३९ नावाचं स्टँडर्ड बसलं. नेहमीचा वेग सेकंदाला अडीच लाख बिट, इंजिनाचे फेरे आणि जोर सेकंदात पन्नास-शंभर वेळा कळवले जातात. या तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. कशासाठी? मांडवीत फेरीबोट गेली की लाट धक्क्याच्या भिंतीवर आपटून परत येते आणि मागून येणाऱ्या लाटेत मिसळते, तसा तारेच्या उघड्या टोकावरून सिग्नल परत फिरतो आणि पुढच्या सिग्नलची नासाडी करतो, तो रेझिस्टर त्याला टोकावरच जिरवतो. दोन १२० समांतर म्हणजे ६०. म्हणून बॅटरी बंद करून दोन तारांमध्ये मीटर लावला की ६० ओहम दिसले पाहिजेत. १२० दिसले तर एक रेझिस्टर जुन्या इंजिनाच्या हार्नेसबरोबर, म्हणजे तारांच्या जुडग्याबरोबर, निघून गेला. ४० दिसले तर नव्या इंजिनाच्या हार्नेसमध्ये स्वतःचा एक होता आणि आता तीन झाले. पाच मिनिटांचं काम आहे हे, मीटर दोन-पाचशे रुपयांचा, आणि यातून जे कळतं ते गिअरबॉक्स खाली उतरवूनही कळणार नाही.

तारा ठीक असल्या तरी दोघं एकाच पद्धतीने बोलतात का ते बघायला पाहिजे. जुन्या काही गाड्यांमध्ये जे-१५८७ चालायचं, सेकंदाला फक्त ९६०० बिट, तो टीसीएम आणि जे-१९३९ चं इंजीन यांच्यात संवाद होणारच नाही, मधे भाषांतर करणारा मॉड्यूल लागतो किंवा टीसीएम बदलावा लागतो. उलट बाजूने, नवी काही इंजिनं पाच लाख बिटवर चालतात. त्यांना अडीच लाखवाल्या तारांना तसंच जोडलं तर समोरच्याला कळत नाही एवढ्यावर ते थांबत नाही, प्रत्येक जण दुसऱ्याचा मेसेज चुकीचा समजून एररचा सिग्नल टाकतो आणि एबीएस, डॅश मीटर सगळेच गोंधळतात. आपल्याकडे इंजिनाच्या धुराचे नियम बदलत गेले, बीएस-४ देशभर एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ एप्रिल २०२० पासून, त्यामुळे इंजीन कुठल्या काळातलं आणि गाडी कुठल्या काळातली हे खरेदीच्या आधीच विचारायचं. तसंही आरसी बुकावरचा इंजीन नंबर बदलायला आरटीओकडे जावंच लागतं, तेव्हा कागद आधी बघायची सवय बरी.

हे बोलणं एकतर्फी नसतं बरं का. गिअर बदलताना टीसीएम इंजिनाला क्षणभर जोर कमी करायला सांगतो. नव्या इंजिनाच्या सेटिंगमध्ये ही विनंती ऐकायची सोय बंद असेल, समजा ते इंजीन आधी साध्या गिअरच्या ट्रकवर होतं, तर ते ऐकत नाही आणि प्रत्येक गिअरला दणका बसतो. स्कॅनरवर दहा मिनिटांचं सेटिंग, पण माहीत नसेल तर लोक सोलेनॉइड बदलत बसतात.

अर्थचं, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायच्या वाटेचं, मात्र मी सगळ्यात आधी बघतो. इंजीन काढताना ब्लॉक ते चॅसीची जाड अर्थ पट्टी काढलेली असते, ती परत लावताना रंगावर लावतात नाहीतर विसरतात. मग सेल्फचा शेकडो अँपिअर करंट मिळेल त्या वाटेने परत जातो, सेन्सरच्या बारीक अर्थमधून सुद्धा. सेल्फ मारताना मीटरचं एक टोक इंजिनाच्या ब्लॉकवर आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर धरा, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थ खराब. आपल्याकडे खारी हवा, वर चार महिने पाऊस, वास्को-पणजीच्या पट्ट्यात उभ्या गाडीच्या तारा जोडणाऱ्या कपलरमध्ये तांबं हिरवं पडलेलं सर्रास दिसतं. तारा पिळून वर टेप गुंडाळलेला जॉइंट इथे एक पावसाळा टिकत नाही, क्रिंप करून वर गोंदवाली श्रिंक स्लीव्ह घाला. मागे इंजीन असलेल्या १२ मीटरच्या बसमध्ये मागून ड्रायव्हरच्या सिलेक्टरपर्यंत तारा येतात, त्यात असा एक जॉइंट पुरेसा होतो.

वेल्डिंगचंही सांगतो. बसची बॉडी बांधणं गोव्याला नवीन नाही, सत्तरीत भुईपालला ऑटोमोबाइल कॉर्पोरेशन ऑफ गोवाचा बस बॉडीचा कारखाना आहे आणि ती कंपनी १९८० ची. पण छोट्या शेडमध्ये इंजिनाचं माऊंटिंग बदलताना बॅटरी आणि कॉम्प्युटरचे कपलर न काढता चॅसीवर वेल्डिंग मारलं जातं, आणि त्यात टीसीएम मरू शकतो.

कोड वाचायला ॲलिसनच्या पुष्कळ पुश-बटन सिलेक्टरवर स्कॅनरही लागत नाही, वरचा आणि खालचा बाण एकत्र दाबले की तेलाची पातळी येते, परत दाबले की कोड. नव्वदच्या दशकातल्या पिढीत २१ ने सुरू होणारा कोड थ्रॉटलचा, २२ चा स्पीड सेन्सरचा, ६६ चा इंजिनाशी संपर्काचा. नंतरच्या गाड्यांत यू ०१०० दिसला तर अर्थ असा की इंजिनाच्या कॉम्प्युटरकडून मेसेजच येत नाहीत. कोड पुसायच्या आधी फोटो काढून ठेवा, पुसल्यावर कोणता आधी आला होता ते कोणालाच आठवत नाही.

सेल्फची लाइन न्यूट्रलच्या रिलेमधून, म्हणजे गिअर न्यूट्रलला असेल तरच जोडणाऱ्या स्विचमधून, गेलीय ना हेही बघाच. नव्या हार्नेसमध्ये ती सरळ जोडली गेली तर गाडी गिअरमध्ये असताना सेल्फ मारेल आणि पुढे उभ्या माणसावर जाईल.

हे सगळं जुळलं की टीसीएममध्ये नव्या इंजिनाला धरून कॅलिब्रेशन, म्हणजे त्याच्या आकड्यांचा प्रोग्राम, टाकून घ्यायचं, अधिकृत सर्व्हिसवाल्याकडूनच, आणि त्याची जुनी शिकलेली मूल्यं पुसायची, कारण तो प्रत्येक गिअरचा दाब अनुभवाने सुधारत असतो आणि तो अनुभव जुन्या इंजिनाचा आहे. पुसल्यानंतर पहिले काही गिअर खराब पडतात, घाबरू नका. तेल गरम होऊ द्या, मग वेर्ण्याच्या सपाट रस्त्यावर मध्यम एक्सलेटरवर सगळे गिअर पुन्हा पुन्हा पडू द्या, मग अर्ध्याहून जास्त पेडलवर, आणि घाट शेवटी. स्कॅनर जोडलेला ठेवा. पेडल सोडलं की ० आणि पूर्ण दाबलं की १०० दिसतंय का, कन्व्हर्टर लॉक झाल्यावर, म्हणजे त्याचे दोन पंखे एकत्र बांधले गेल्यावर, इंजीन आणि टर्बाइनचे फेरे सारखे होतात का, ते बघत राहा.

एवढं करूनही फेरे नुसते चढतात आणि टर्बाइनचा आकडा त्या गिअरच्या हिशेबात बसत नाही, तेल काळं पडून जळका वास येतोय, फिल्टरमध्ये प्लेटांचा चुरा आहे, प्रेशर गेजवर दाब कमी दिसतोय, तर मग खरंच आतलं काहीतरी गेलंय आणि गिअरबॉक्स उतरवायचा. उतरवलाच तर इंजीन बसवताना कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या तेलपंपात पूर्ण आत बसला होता का तेही तपासा, अर्धवट बसलेला असताना बोल्ट आवळले असतील तर पुढचा पंपच फुटलेला सापडेल.