पुठ्ठ्याच्या इमारतीची खरी सावली

कोथरूड, एरंडवण्यातल्या जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास ठरतो तेव्हा सभासदांपुढे नव्या इमारतीचं मॉडेल येतं. नकाशा न वाचता येणाऱ्यालाही त्यावरून मजले, बाल्कन्या, गच्ची कळते. कळत नाही ते ऊन. पुठ्ठ्याच्या मॉडेलला घड्याळही नसतं आणि ऋतूही नसतात. ही उणीव ऑगमेंटेड रिअॅलिटी भरून काढते. मोबाईल मॉडेलवर रोखला की पडद्यावर खऱ्या मॉडेलभोवती हव्या त्या दिवसाची, हव्या त्या वेळेची सावली दिसते.

त्यासाठी कॅमेरा नेमका कुठे आहे, हे संगणकाला कळावं लागतं. मॉडेलशेजारी काळा-पांढरा चौकोनी मार्कर, म्हणजे छापलेली खूण, चिकटवतात. त्याचं माप आधीच ठाऊक असल्यामुळे चारही कोपरे पडद्यावर कसे तिरपे दिसतात यावरून अंतर आणि कोन काढता येतो. हात हलला की पुन्हा गणित. १:२०० म्हणजे खऱ्या इमारतीपेक्षा दोनशे पट लहान मॉडेलवर चित्र एक मिलिमीटर सरकलं, तर प्रत्यक्षातली चूक २० सेंटिमीटरची होते. शिवाय इमारतीमागे पडलेली सावली पुठ्ठ्याआड झाकली जायला हवी. म्हणून संगणकात मॉडेलची एक अदृश्य प्रत ठेवतात. तिच्या मागचं काहीच रेखाटलं जात नाही.

कल्पना जुनी आहे. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये जॉन अंडरकॉफ्लर आणि हिरोशी इशी यांनी टेबलावरच्या छोट्या इमारतींभोवती प्रोजेक्टरने सावल्या आणि वारा दाखवला. इमारत हाताने सरकवली की सावलीही सरके. मला यातलं ‘हाताने’ फार मोलाचं वाटतं. नुसत्या पडद्यावरचं चित्र एकाच्या ताब्यात असतं, टेबलावरच्या मॉडेलभोवती सगळे उभे राहून बोट ठेवून बोलू शकतात.

पुण्यात तारीख बदलली की चित्र किती बदलतं पाहा. मेच्या मध्याला भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो आणि सावली जवळपास नाहीशी होते. २२ डिसेंबरला तोच सूर्य माध्यान्हीला दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४८ अंश वर असतो, म्हणजे ३० मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेला २७ मीटर. सकाळी नऊला तर ती ७० मीटरच्या आसपास जाते, आणि थंडीत ऊन हवं असतं ते नेमकं तेव्हाच. त्यामुळे सभासदांनी डिसेंबरातली सकाळ दाखवायला सांगावी. मॉडेलात शेजारच्या इमारतीही, साधे ठोकळे का असेनात, मांडायला लावाव्यात. त्या नसतील तर सावली कोणाच्या खिडकीवर पडते, हे कितीही चांगलं सॉफ्टवेअर असलं तरी दिसणार नाही.