लॅक्टोज-फ्री दूध हा गॅलॅक्टोसेमियावरचा उपाय नव्हे

“बाळाला दूध पचत नाही? शेळीचं द्या, नाहीतर लॅक्टोज-फ्री आणा.” नाशिकमध्ये हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. गॅलॅक्टोसेमिया, म्हणजे गॅलॅक्टोज ही साखर शरीराला वापरता न येण्याचा जन्मजात आजार, असलेल्या बाळाला तो घातक ठरतो.

लॅक्टोज, म्हणजे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज मिळून बनलेली दुधातली साखर, न पचणं हा आतड्याचा प्रश्न. गॅलॅक्टोसेमियात बिघाड पेशींत असतो. नवव्या गुणसूत्रावरच्या गॅल्ट जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या की गॅलॅक्टोज वापरायला लागणारं गॅल्ट एन्झाइम काम करत नाही. गॅलॅक्टोजपासून बनलेलं गॅलॅक्टोज-१-फॉस्फेट साचतं, कावीळ होते, यकृत बिघडतं. लॅक्टोज-फ्री दुधात लॅक्टोज फक्त फोडलेलं असतं, त्यातलं गॅलॅक्टोज तिथेच राहतं! शेळीच्या दुधात तर अख्खं लॅक्टोज असतं. अशा बाळाला डॉक्टर आईचं दूधही थांबवून सोया फॉर्म्युला देतात.

हे एन्झाइम तपासण्यासाठी टाचेतल्या रक्ताचे थेंब फिल्टर पेपरवर घेऊन सावलीत वाळवतात. एप्रिल-मेच्या उन्हात कुरिअरच्या पाकिटात एन्झाइम उष्णतेने मरतं आणि निरोगी बाळाच्या रिपोर्टमध्येही आजार दिसतो. उलट, आधी रक्त चढवलं असेल तर दात्याच्या तांबड्या पेशींतल्या चांगल्या एन्झाइममुळे आजारी बाळाचा रिपोर्ट नॉर्मल दिसतो. म्हणून नमुना रक्त चढवण्याआधीच घ्यायचा. जनुक तपासताना युरोपात जास्त आढळणारा क्यू१८८आर हा जनुकातला एकच बदल शोधून थांबू नका, पूर्ण जनुक वाचून घ्या.