जुन्या प्लगइनांमध्ये डिपेंडन्सी इंजेक्शन: एक्लिप्सच्या वाटचालीची पार्श्वभूमी

प्लगइनांवर उभ्या असलेल्या जुन्या डेस्कटॉप ॲप्लिकेशनमध्ये डिपेंडन्सी इंजेक्शन, म्हणजे ऑब्जेक्टला लागणाऱ्या गोष्टी त्याने स्वतः न शोधता बाहेरून पुरवण्याची पद्धत, आणू पाहणाऱ्याला सर्वांत आधी एकच प्रश्न अडवतो: ऑब्जेक्ट तयार कोण करतो? साध्या प्रोग्रॅममध्ये सारी जुळणी आपण एका ठिकाणी करू शकतो. इथे मात्र ते काम यजमान ॲप्लिकेशन करते आणि प्लगइन लिहिणाऱ्याने फक्त आपल्या क्लासचे नाव कळवायचे असते. या अडचणीचे मूळ एक्लिप्स या प्रोग्रॅम लिहिण्याच्या सॉफ्टवेअरच्या इतिहासात फार स्पष्ट दिसते.

आयबीएमने नोव्हेंबर २००१ मध्ये एक्लिप्सचा कोड खुला केला. त्याची रचना एक्स्टेन्शन पॉइंटवर, म्हणजे प्लगइन जोडण्यासाठी ठरवून दिलेल्या जागांवर, बेतलेली होती. प्लगइनच्या एक्सएमएल फाइलमध्ये क्लासचे नाव नोंदवलेले असे आणि वापरकर्त्याने संबंधित व्ह्यू (खिडकीतील एखादा भाग) उघडल्यावर किंवा कमांड चालवल्यावरच प्लॅटफॉर्म तो क्लास लोड करून त्याचा ऑब्जेक्ट बनवत असे. शेकडो प्लगइन असतानाही ॲप्लिकेशन लवकर सुरू व्हावे, हा यामागचा हेतू होता आणि तो माझ्या मते योग्यच होता. मात्र प्लॅटफॉर्मला केवळ नाव ठाऊक असल्यामुळे क्लासला पॅरामीटर नसलेला कन्स्ट्रक्टर ठेवणे भाग पडले. मग लागणाऱ्या सेवा क्लासने स्वतःच, बहुधा ‘प्लॅटफॉर्मयूआय’ किंवा ‘रिसोर्सेसप्लगइन’ यांसारख्या क्लासच्या स्टॅटिक मेथडमधून, मागून घ्यायच्या. त्यामुळे एका लहानशा व्ह्यूची चाचणी करायची झाली तरी अनेकदा अख्खे वर्कबेंच, म्हणजे एक्लिप्सची सारी मुख्य खिडकी, सुरू करावे लागे.

मार्टिन फाउलर यांनी जानेवारी २००४ मधील लेखात ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ हे नाव रूढ केले. त्याच वर्षी जूनमध्ये आलेल्या एक्लिप्स ३.० ने ओएसजीआयचा, म्हणजे जावा भाषेतील सुटे भाग जोडण्याच्या मानकाचा, पाया स्वीकारला; त्यातही प्रत्येक प्लगइनचा क्लासलोडर (क्लास शोधून लोड करणारा भाग) स्वतंत्रच होता. सर्व्हरवर रुळलेले कंटेनर (ऑब्जेक्ट बनवून त्यांची जुळणी करणारी साधने) इथे सहज बसेनात, याचे एक कारण हेच होते. शिवाय सुरुवातीलाच सारे ऑब्जेक्ट बांधून ठेवणारा कंटेनर गरजेपुरतेच लोड करण्याची मूळ शिस्तच मोडत असे. यातून वाट काढणाऱ्यांनी एका छोट्या सोयीचा आधार घेतला. एक्सएमएलमध्ये क्लासऐवजी फॅक्टरीचे (ऑब्जेक्ट पुरवणाऱ्या दुसऱ्या क्लासचे) नाव देता येत असे आणि ती फॅक्टरी स्प्रिंग किंवा ग्यूस यांसारख्या कंटेनरकडून तयार ऑब्जेक्ट आणून प्लॅटफॉर्मच्या हाती देत असे. जुना कोड न उसकटता बदल करण्याचा हा मार्ग मला आजही सर्वांत समंजस वाटतो.

प्लॅटफॉर्मनेच इंजेक्शन स्वीकारले ते एक्लिप्सच्या पुढच्या पिढीच्या ‘ई४’ प्रकल्पातून. जावासाठी ‘@इंजेक्ट’ ही ॲनोटेशन (कोडमध्ये लावायची खूण) ठरवणारे जेएसआर-३३० हे मानक २००९ मध्ये पक्के झाले आणि जून २०१२ मधील एक्लिप्स ४.२, म्हणजे जूनो, त्यावर उभे राहिले. त्यातील खरी कल्पकता कॉन्टेक्स्टच्या (उपलब्ध सेवा आणि वस्तूंच्या साठ्यांच्या) उतरंडीत आहे: व्ह्यूच्या कॉन्टेक्स्टमध्ये एखादी गोष्ट सापडली नाही तर शोध वर सरकत खिडकीच्या आणि शेवटी ॲप्लिकेशनच्या कॉन्टेक्स्टपर्यंत जातो, आणि निवडलेली वस्तू बदलली की नवी वस्तू संबंधित मेथडला आपोआप पुन्हा पुरवली जाते. डेस्कटॉपवरील स्थिती सतत बदलत असते, हे ओळखून केलेली ही मांडणी आहे. जुनी प्लगइन मोडू नयेत म्हणून मात्र ३.x चे एपीआय नव्या गाभ्यावर चालवणारा सुसंगततेचा थर ठेवावा लागला. जूनोच्या मंद वेगाबद्दल तेव्हा बऱ्याच तक्रारी झाल्या.

जेटब्रेन्स कंपनीच्या इंटेलिजे या प्रोग्रॅमिंगच्या प्लॅटफॉर्मचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला. तिथे पिकोकंटेनर हा इंजेक्शन करणारा कंटेनर आधीपासून वापरात होता आणि प्लगइनमधील घटकांना कन्स्ट्रक्टरमधून सेवा मिळत. पुढे जेटब्रेन्सने प्लगइन लिहिणाऱ्यांना कन्स्ट्रक्टर इंजेक्शन टाळून सेवा गरज पडेल त्या क्षणीच मागून घेण्यास सांगितले.