रेटिंग-दुरुस्ती, ऐतिहासिक बेसबॉल गेममधील

ऐतिहासिक बेसबॉल गेममधील रेटिंग-दुरुस्ती : जुन्या हंगामांतील खऱ्या खेळाडूंवर बेतलेल्या बेसबॉल गेममध्ये प्रत्येक खेळाडूचे गुणांक असे बदलणे, की १९०८ चा हंगाम १९०८ सारखा आणि १९३० चा १९३० सारखा खेळला जावा. अमुक लीगमध्ये, अमुक मैदानावर, अमुक प्रतिस्पर्ध्यांसमोर या खेळाडूकडून काय घडण्याची शक्यता किती, एवढेच रेटिंग सांगते. खेळाडू किती थोर होता हे सांगण्याचे काम त्याचे नाही. हौशी मंडळींच्या बहुतेक दुरुस्त्या इथेच फसतात. आवडत्या खेळाडूला आधी हात लावला जातो, लीगकडे नंतर कधीतरी लक्ष जाते. (या नोंदीत ‘सरासरी’ म्हणजे बॅटरच्या एकूण ॲट-बॅटपैकी (हिशेबात धरल्या जाणाऱ्या फटकेबाजीच्या पाळ्यांपैकी) हिटचे, म्हणजे फटका मारून सुरक्षित बेस गाठण्याचे, प्रमाण. ०.३०० म्हणजे दर शंभरात तीस हिट. क्रिकेटमधल्या सरासरीशी तिचा संबंध नाही.)

हे गणित संगणकाच्या आधीपासूनचे आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर येथे रिचर्ड साइट्झ यांनी १९५१ मध्ये ‘एपीबीए’ हा कार्डे आणि फाशांचा खेळ विक्रीस आणला. १९६१ मध्ये हॅल रिचमन यांचा ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ आला. यात तीन फासे टाकतात. एका फाशावर १ ते ३ पडले तर निकाल बॅटरच्या कार्डावर पाहायचा, ४ ते ६ पडले तर पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या. उरलेल्या दोन फाशांची बेरीज त्या रकान्यातली ओळ दाखवते. म्हणजे निम्मे निकाल बॅटरच्या कार्डावरून आणि निम्मे पिचरच्या कार्डावरून येतात. आता लीगची सरासरी ०.२५० आहे आणि एका बॅटरने प्रत्यक्षात ०.३२० काढली आहे असे समजू. त्याच्या कार्डावर ०.३२० एवढ्याच हिट छापल्या, तर सामान्य पिचरसमोर तो ०.२८५ वरच अडकेल, कारण निम्मे फासे पिचरच्या ०.२५० कडे ओढतात. म्हणून कार्डावर ०.३९० छापावे लागते. त्याच न्यायाने समोरच्या बॅटरांना ०.२०० सरासरी देणाऱ्या पिचरच्या कार्डावर ०.१५० छापतात. हे दोघे समोरासमोर आले की उत्तर ०.२७० येते. कार्डावरचा आकडा खेळाडूच्या खऱ्या आकड्याहून मुद्दाम वेगळा ठेवायचा ही युक्ती संगणकाच्या गेमने पुढे वेगळ्या रूपात चालवली, पण मूळ कल्पना हीच.

संगणकाकडची वाटचाल थोडक्यात सांगण्यासारखी आहे. डॉन डॅगलो यांनी १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातील पोमोना कॉलेजच्या पीडीपी-१० संगणकावर बेसबॉलचा प्रोग्राम लिहिला. १९८४ च्या ‘मायक्रोलीग बेसबॉल’मध्ये वेगवेगळ्या काळांतले गाजलेले संघ एकमेकांशी भिडवता येऊ लागले. १९८७ च्या ‘अर्ल वीव्हर बेसबॉल’ने मैदानांनाही महत्त्व दिले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जर्मनीच्या मार्कुस हाइनझोन यांचा ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ आला आणि अख्खी लीग, तीही कुठल्याही वर्षापासून पुढे, चालवण्याची सोय झाली. शॉन लॅहमन यांचा मोफत डेटाबेस आणि डेव्हिड स्मिथ यांनी १९८९ मध्ये सुरू केलेला ‘रेट्रोशीट’ हा नोंदप्रकल्प नसता, तर घरबसल्या दुरुस्ती करणाऱ्यांचे हात बांधलेलेच राहिले असते.

काळाचा फरक हा या विषयाचा गाभा. १९३० मध्ये बिल टेरीने नॅशनल लीगमध्ये (ही आणि अमेरिकन लीग मिळून मेजर लीग) ०.४०१ सरासरी काढली. १९६८ मध्ये कार्ल यस्त्रेम्स्कीने अमेरिकन लीगचा सर्वोत्तम बॅटर हा मान मिळवला तो ०.३०१ वर. कागदावर दोघांत शंभर अंकांची (एक अंक म्हणजे ०.००१) दरी दिसते. पण १९३० च्या नॅशनल लीगची सरासरीच ०.३०३ होती, तर १९६८ च्या अमेरिकन लीगची ०.२३०. टेरी आपल्या लीगहून सुमारे ३२ टक्के वर होता आणि यस्त्रेम्स्की सुमारे ३१ टक्के. दोघांच्या ‘काँटॅक्ट’ (चेंडूला बॅट नीट लावण्याच्या) रेटिंगमध्ये फारसा फरक असता कामा नये. १९६८ मध्ये पिचर बॉब गिब्सनचा ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागणाऱ्या धावा) १.१२ होता. पिचरांचे वर्चस्व एवढे वाढले, की पुढच्या वर्षी पिचर उभा राहतो तो उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला गेला आणि स्ट्राइक झोनही (चेंडू योग्य धरला जातो ती जागा) आक्रसला. गेममध्ये हे सारे लीगच्या सेटिंगमध्ये बसवायचे असते. ते सोडून सगळ्या बॅटरांचे गुण कापत बसणारा माणूस हंगाम पुढे सरकला की गोत्यात येतो, कारण १९६९ मध्ये तीच मंडळी एकदम ‘सुधारतात’ आणि त्याला सगळे पुन्हा करावे लागते.

स्ट्राइकआउटचे, म्हणजे तीन स्ट्राइकवर बॅटरला बाद करण्याचे, उदाहरण आणखी बोलके आहे. १९२४ मध्ये ब्रुकलिनच्या डॅझी व्हॅन्सने २६२ स्ट्राइकआउट घेतले. नॅशनल लीगमध्ये त्याच्या खालोखाल त्याच्याच संघातला बर्ली ग्राइम्स होता, १३५ वर. तेव्हा एका संघाचे सामन्याला सरासरी तीनही स्ट्राइकआउट होत नसत. २०१९ मध्ये हा आकडा नऊच्या जवळ होता. आजच्या मोजपट्टीवर व्हॅन्सचे २६२ नुसते चांगले वाटतात, पण त्याच्या लीगमध्ये ते अचाट होते. बेब रूथचेही तसेच. १९२७ मध्ये अख्ख्या अमेरिकन लीगमध्ये ४३९ होमरन (एका फटक्यावर सगळे बेस पार करून धाव) झाले, त्यांतले ६० एकट्या रूथचे. फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स हा पूर्ण संघ ५६ वर थांबला. रूथची ‘पॉवर’ ९९ वर नेऊन भागत नाही, बाकीच्यांची पॉवर त्या मानाने खाली हवी. ते न केल्यास गेममधल्या १९२७ मध्ये चाळीस होमरन मारणारे दहा जण निघतात आणि रूथ त्यांच्यातला एक होऊन बसतो.

बॅटर आणि पिचर यांची गाठ घालण्यासाठी पुष्कळ सिम्युलेशन बिल जेम्स यांच्या ‘लॉग५’ सूत्राच्या वळणावर चालतात. मूळ सूत्र संघांच्या लढतींसाठी होते. पुढे त्यात लीगची सरासरी घालून ते बॅटर-पिचरसाठी वापरले गेले. ०.३२० चा बॅटर, ०.२२० देणारा पिचर आणि ०.२६० ची लीग असेल, तर अपेक्षित सरासरी ०.२७४ येते. खेळाडू तेच ठेवून लीग ०.३०० ची केली, की ती ०.२३६ वर घसरते. एकाही रेटिंगला धक्का न लावता ३८ अंक गेले. दुरुस्ती लीगपासून सुरू करा असे जाणकार सांगतात, त्यामागे एवढेच गणित आहे.

मैदानांच्या बाबतीत नेहमीचा घोटाळा दुहेरी मोजणीचा. १९९९ मध्ये कोलोरॅडोच्या लॅरी वॉकरने ०.३७९ काढली. घरच्या कूर्स फील्डवर ०.४६१, बाहेर ०.२८६. डेन्व्हरची हवा विरळ, चेंडू लांब जातो, मैदानही ऐसपैस. आता रेटिंग ०.३७९ वरून काढले आणि गेममध्ये कूर्स फील्डचा गुणकही चालू ठेवला, तर मैदानाचा फायदा वॉकरला दोनदा मिळतो. म्हणून आधी आकडे तटस्थ मैदानावर आणायचे आणि मगच रेटिंग काढायचे. याची उलट बाजू फिलाडेल्फियाच्या बेकर बोलवर दिसते. तिथली उजवीकडची भिंत जेमतेम २८० फुटांवर होती. १९३० मध्ये फिलीज संघाने ०.३१५ सरासरी काढली आणि तरी १०२ सामने हरून तळाशी राहिला, कारण त्यांच्या पिचरांचा ईआरए ६.७१ होता. हे पिचर वाईट होतेच, पण ६.७१ इतके नव्हे. थोडा दोष भिंतीचाही होता.

पिचरकडे पाहण्याची दृष्टी २००१ मध्ये बदलली. मैदानात पडलेल्या चेंडूची हिट होते की आउट, यावर पिचरचा ताबा समजला जातो त्याहून बराच कमी असतो, असे व्होरोस मॅक्रॅकन यांनी त्या वर्षी मांडले. त्यामुळे दिलेल्या हिटवरून पिचरचे रेटिंग काढणे मागे पडले. आउट ऑफ द पार्कमध्ये स्टफ, मूव्हमेंट आणि कंट्रोल असे तीन गुण असतात, ते ढोबळमानाने स्ट्राइकआउट, होमरन आणि वॉक (पिचरच्या चार चुकीच्या चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारा बेस) यांच्याशी जोडलेले आहेत. जुन्या संघांतल्या पिचरचा ईआरए चांगला आणि हे तीन गुण साधारण निघाले, तर त्याच्या मागच्या क्षेत्ररक्षकांचे गुण वाढवायचे.

मोजक्या संधींत कमावलेले आकडे ही वेगळीच डोकेदुखी. ह्यूस्टनच्या जॉन पॅसियोरेकने २९ सप्टेंबर १९६३ रोजी आयुष्यातला एकमेव मेजर लीग सामना खेळला आणि तीन ॲट-बॅटमध्ये तीन हिट मारल्या. कारकिर्दीची सरासरी १.०००! आकडा जसाच्या तसा घेतला, तर हा खेळाडू कधी बाद होणारच नाही. १९५७ मध्ये मिलवॉकीच्या बॉब हेझलने १३४ ॲट-बॅटमध्ये ०.४०३ काढली आणि संघाला पेनंट (लीगचे विजेतेपद) मिळवून द्यायला हातभार लावला. पुढच्या वर्षी हंगाम निम्माही झाला नव्हता, तोच त्याला डेट्रॉइटला विकले. यावर दोन उपाय आहेत. एक, संधी जितक्या कमी तितके रेटिंग लीगच्या सरासरीकडे ओढायचे, आणि शक्य तिथे मागची-पुढची वर्षे धरून तीन वर्षांचा हिशेब घ्यायचा. दुसरा, रेटिंग तसेच ठेवून खेळवण्यावर मर्यादा घालायची, म्हणजे हेझल १३४ च्या आसपास ॲट-बॅटच खेळेल. पट मांडून खेळणारे जुने लोक दुसऱ्या उपायाचे. वर्षानुवर्षे लीग पुढे नेणाऱ्यांना पहिल्याशिवाय गत्यंतर नाही. १९५७ ची शर्यत पुन्हा खेळायची असेल, तर मात्र हेझलला सपाट करून टाकणे हा अन्यायच.

काही आकडे खरे असूनही फसवतात. टाय कॉबने १९०९ मध्ये ९ होमरन मारून लीगमध्ये पहिला नंबर पटकावला, पण त्यांतला एकही कुंपणापार गेला नव्हता. सगळे पळून काढलेले. होमरनच्या संख्येवरून त्याला ‘पॉवर’ बहाल केली, तर पडद्यावरचा कॉब प्रेक्षकांत चेंडू टोलवू लागतो. इथे पॉवर उतरवून वेग आणि ‘गॅप’ (क्षेत्ररक्षकांच्या मधून चेंडू काढण्याची क्षमता) वाढवावे लागतात, जुनी प्रशस्त मैदाने उरलेले काम करतात. दमसासाचेही असेच. १९०४ मध्ये जॅक चेस्ब्रोने ५१ सामने सुरू केले, त्यांतले ४८ स्वतःच पुरे केले आणि हंगामात एकूण ४१ विजय मिळवले. आजच्या पिचरसाठी लिहिलेल्या थकव्याच्या नियमांत तो सहाव्या इनिंगला बाहेर बसेल. नुसता स्टॅमिना वाढवूनही काम होत नाही. संगणकाचा मॅनेजर पिचर कधी बदलतो ही सेटिंगही त्या काळाची हवी.

शिवाय नोंदींमध्ये भगदाडे आहेत. नॅशनल लीगने १९१० पर्यंत बरीच वर्षे आणि अमेरिकन लीगने १९१३ पर्यंत बॅटरांचे स्ट्राइकआउट अधिकृतपणे नोंदवलेच नाहीत. १९२६ ते १९५० या काळात नॅशनल लीगमध्ये बेस चोरताना (फटक्याशिवाय पुढच्या बेसकडे धावताना) किती जण बाद झाले याचीही अधिकृत नोंद नाही. १८९८ पूर्वी साथीदाराच्या हिटवर एक जादा बेस गाठला तरी ‘चोरी’ धरली जाई. या काळातले रेटिंग अंदाजानेच द्यावे लागते आणि दोन चांगल्या जाणकारांचे अंदाज जुळत नाहीत.

सर्वांत अवघड प्रश्न वर्णभेदाच्या काळाचा. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत मेजर लीगची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती. त्यामुळे त्या काळातल्या गोऱ्या खेळाडूंचे आकडे अर्ध्याच स्पर्धेतले, असे म्हणायला जागा आहे. नीग्रो लीगना, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगना, डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगचा दर्जा मिळाला आणि २८ मे २०२४ रोजी त्यांचे आकडे अधिकृत विक्रमांत घेण्यात आले. जॉश गिब्सन ०.३७२ वर कारकिर्दीच्या यादीत कॉबच्या (०.३६७) पुढे गेला, आणि १९४३ मधली त्याची ०.४६६ ही एका हंगामातली सर्वोच्च सरासरी ठरली. पण नीग्रो लीगमधले नोंदलेले सामने मेजर लीगच्या तत्कालीन १५४ च्या निम्म्याहूनही कमी भरतात, म्हणजे हेझलचाच प्रश्न अधिक गंभीर रूपात उभा राहतो. गणिताच्या शिस्तीने गिब्सनला सरासरीकडे ओढायचे, तर नोंद न ठेवणाऱ्यांच्या अन्यायाची किंमत पुन्हा त्यालाच मोजावी लागते. यावर सर्वमान्य तोड निघालेली नाही. अनेक वर्षांचे आकडे एकत्र धरणे हा त्यातल्या त्यात बरा मार्ग.

दुरुस्ती जमली की नाही, हे एका हंगामावरून ठरत नाही. खरी क्षमता ०.३०० असलेला बॅटर ५५० ॲट-बॅट खेळला, तर निव्वळ योगायोगाने सरासरी २० अंक इकडे-तिकडे होणे अगदी सामान्य आहे. पंधरा-सोळा हंगामांत एकदा तो ०.३३० च्या वर जाईल. त्यामुळे गेममध्ये तो ०.२८१ वर आला म्हणून रेटिंग वाढवणारा माणूस फाशांशी भांडत असतो. तोच हंगाम संगणकाला बिनमाणशी अनेकदा खेळवायला लावून आधी लीगच्या एकूण धावा, होमरन, वॉक, चुका पडताळायच्या, मग संघांचे विजय आणि सर्वांत शेवटी माणसे. दर वेळी टेरी बरोब्बर ०.४०१ काढू लागला, तर काहीतरी बिघडले आहे असे समजावे. कधी ०.३७० आणि क्वचित ०.४२० निघणे हेच योग्य.

हातात कंट्रोलर घेऊन खेळायच्या गेममध्ये खेळणाऱ्याचे कसबही आकड्यांत मिसळते. ‘एमव्हीपी बेसबॉल २००५’ किंवा ‘एमएलबी द शो’ यांत सराईत माणूस दुबळ्या बॅटरकडूनही होमरन काढतो. म्हणून तिथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवतात. रेटिंग संगणक-विरुद्ध-संगणक सामन्यांतून पक्के करायचे आणि स्वतःच्या हाताची भरपाई फक्त स्लायडरने (गेम सोपा-अवघड करणाऱ्या सेटिंगने) करायची. जुन्या काळाच्या सामन्यांत त्यातही आधी पिचचा, म्हणजे टाकलेल्या चेंडूचा, वेग खाली आणतात आणि क्षेत्ररक्षकांच्या चुका वाढवतात, कारण तेव्हाचे ग्लोव्ह्ज हाताच्या पंजाहून फारसे मोठे नव्हते.