अँडी पीबल्स आणि ब्रिटिश लोकल रेडिओवरची मुलाखत

अँडी पीबल्स (1948–2025) हा ब्रिटिश रेडिओ प्रेझेंटर. बीटल्स या बँडमधल्या जॉन लेननचा खून व्हायच्या दोनच दिवस आधी त्याची लांबलचक मुलाखत घेणारा माणूस म्हणून जगभर त्याचं नाव घेतलं जातं, पण ती मुलाखत एवढी कसदार का झाली हे समजून घ्यायचं तर तो तयार कुठे झाला ते आधी बघावं लागतं, आणि त्यासाठी मँचेस्टरला जावं लागतं.

ब्रिटनमध्ये बीबीसीचं पहिलं लोकल स्टेशन म्हणजे रेडिओ लेस्टर, 8 नोव्हेंबर 1967 ला सुरू झालं. मँचेस्टरला 1970 मध्ये आलं. खाजगी रेडिओला मात्र परवानगीच नव्हती, त्यासाठी 1972 चा कायदा यावा लागला, मग ऑक्टोबर 1973 मध्ये लंडनला एलबीसी आणि कॅपिटल सुरू झाले आणि 2 एप्रिल 1974 ला मँचेस्टरचं पिकॅडिली रेडिओ. पीबल्सचा जन्म लंडनचा, साठच्या दशकाच्या शेवटी तो क्लबांमध्ये डीजे म्हणून रेकॉर्ड लावायचा, 1973 मध्ये बीबीसी रेडिओ मँचेस्टरवर आला आणि लगेच पुढच्या वर्षी पिकॅडिलीच्या अगदी पहिल्या टीममध्ये गेला.

त्या काळच्या खाजगी लोकल स्टेशनचं काम कसं चालायचं हे माहीत असलं की बरंच काही उलगडतं. प्रेझेंटरच सगळं करायचा, म्हणजे दोन टर्नटेबल, जाहिराती आणि जिंगल भरलेल्या कार्ट्रिज म्हणजे टेपच्या डब्या, समोर आवाज कमी-जास्त करायच्या फेडरची रांग, आणि हे सगळं हाताळत असतानाच समोर बसलेल्या पाहुण्याशी बोलायचं. त्यात नीडलटाइमचा नियम. रेकॉर्ड वाजवल्या तर वादकांचं काम जाईल म्हणून त्यांची युनियन आणि रेकॉर्ड कंपन्या रेडिओवर बंधनं घालायच्या, खाजगी स्टेशनला दिवसाला साधारण 9 तासच रेकॉर्डवरची गाणी वाजवता यायची. उरलेला वेळ भरायचा कशाने? बोलण्याने! बातम्या, फोन-इन, खेळ, आणि शहरात शोला आलेला गायक किंवा नट, ज्याला रेकॉर्ड कंपनीचा माणूस दुपारी स्टुडिओत आणून बसवायचा. लोकल रेडिओवाल्यांना मुलाखत घ्यायची सवय लागली त्यात या नियमाचा मोठा हात आहे असं मला ठामपणे वाटतं.

पीबल्सचं खरं प्रेम सोल म्युझिकवर, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकन गायकांच्या भावपूर्ण संगीतावर. पिकॅडिलीवरचा त्याचा सोलचा कार्यक्रम उत्तर इंग्लंडमध्ये चांगलाच गाजला, आणि त्या भागात सोलचं वेड असलेले श्रोते एवढे जाणकार होते की रेकॉर्डचं लेबल किंवा साल चुकवून चालायचंच नाही. 1978 मध्ये तो बीबीसी रेडिओ 1 वर म्हणजे नॅशनल स्टेशनवर गेला, तिथे 'माय टॉप टेन' हा कार्यक्रम करायचा ज्यात सेलिब्रिटी आपल्या आवडीची दहा गाणी निवडायचे आणि गाण्यागाण्यातून आपल्या आयुष्याबद्दल बोलायचे. टीव्हीवर 'टॉप ऑफ द पॉप्स' हा गाण्यांचा कार्यक्रमही त्याने केला, त्यावर फार काही सांगण्यासारखं नाही.

डिसेंबर 1980 मध्ये तो रेडिओ 1 च्या टीमबरोबर न्यूयॉर्कला गेला. आधी डेव्हिड बोवी, जो तेव्हा ब्रॉडवेवर नाटकात काम करत होता, आणि मग 6 डिसेंबरला हिट फॅक्टरी स्टुडिओत लेनन आणि त्याची बायको योको ओनो. पाच वर्षं घर आणि मुलगा सांभाळून लेनन नुकताच नवा अल्बम घेऊन परतला होता. पीबल्सने बीटल्स फुटले त्याबद्दलची चटपटीत भांडणं उकरत बसण्यापेक्षा लेननच्या सोलो रेकॉर्ड क्रमाने घेतल्या, एकेक गाणं, ते कुठून आलं, तेव्हा काय चाललं होतं, आणि लेनन खुलत गेला. तीन तासांहून जास्त बोलणं झालं. न्यूयॉर्कमध्ये आपण रस्त्यावर मोकळे फिरतो, हॉटेलात जेवतो, लोक त्रास देत नाहीत हेही त्याने तिथे आनंदाने सांगितलं, आज ते ऐकताना अंगावर काटा येतो.

त्याच गप्पांत 'इमॅजिन' या लेननच्या गाजलेल्या गाण्याचा विषय निघाला. लेनन म्हणाला की खरं तर या गाण्याला योकोचंही नाव द्यायला हवं होतं, शब्द आणि मूळ कल्पना बरीचशी तिची, पण तेव्हा आपण स्वार्थी आणि पुरुषी अहंकारात होतो म्हणून दिलं नाही. 2017 मध्ये अमेरिकेतल्या म्युझिक पब्लिशर्सच्या संघटनेने बीबीसीच्या मुलाखतीतल्या याच बोलण्याचा आधार घेऊन योकोला सहलेखिका म्हणून श्रेय द्यायचं जाहीर केलं. सदतीस वर्षांनी! शांतपणे विचारलेल्या प्रश्नाला आलेलं एक प्रामाणिक उत्तर इतक्या वर्षांनी कामाला आलं, मुलाखत घेणाऱ्याला यापेक्षा मोठी पावती नसते.

8 डिसेंबरच्या रात्री लेननला गोळ्या घातल्या तेव्हा पीबल्स लंडनच्या परतीच्या प्रवासात होता. ती मुलाखत जानेवारी 1981 मध्ये भागाभागाने लागली आणि त्याच वर्षी बीबीसीने पुस्तकरूपानेही काढली. पुष्कळ ठिकाणी तिला लेननची शेवटची मुलाखत म्हणतात ते चूक आहे, 8 तारखेलाच दुपारी अमेरिकेतल्या आरकेओ रेडिओच्या लोकांशी तो बोलला होता. पीबल्सची मुलाखत ब्रिटिश रेडिओवरची शेवटची.

1992 मध्ये रेडिओ 1 सुटलं. पुढे पीबल्स उत्तरेतच परत आला, बीबीसी रेडिओ लँकेशायर या लोकल स्टेशनवर, पुन्हा सोलच्या रेकॉर्ड घेऊन. नॅशनल स्टेशनवरून लोकलला येणं म्हणजे उतरण असं समजणारे समजोत, पण गावातला श्रोता प्रेझेंटरला नावाने ओळखतो आणि चुकला तर फोन करून सांगतो, असं नातं मोठ्या स्टेशनवर मिळत नाही. मार्च 2025 मध्ये वयाच्या 76 व्या वर्षी तो गेला.

त्याचं पिकॅडिली 1988 मध्ये दोन स्टेशनांत विभागलं गेलं, त्यातलं एफएमवरचं की 103 झालं आणि 2018 पासून ते हिट्स रेडिओ या नावाने चालतं. 2023 पासून बीबीसीच्या लोकल स्टेशनांवरही दुपारनंतरचे बरेच कार्यक्रम शेजारच्या स्टेशनांबरोबर वाटून घेतले जातात, त्यामुळे एका शहराच्या स्वतःच्या प्रेझेंटरला मिळणारे तास कमी झालेत.