भाला, बॉल आणि पोरांचं कोपर: हे प्रकरण नेमकं कधीपासूनचं?

2021 ला टोकियोत नीरजचा भाला 87.58 मीटरवर पडला आणि आमच्या सोसायटीतली पोरंसुद्धा बांबू फेकायला लागली. त्याच्या त्याच उजव्या कोपराचं 2019 मध्ये मुंबईत ऑपरेशन झालं होतं, हे मात्र कुणाच्या लक्षात नसतं. अर्थात तो तेव्हा एकवीस वर्षांचा होता, वाढत्या पोरांची भानगड वेगळीच.

कोपराच्या आतल्या बाजूला जो उंचवटा हाताला लागतो ना, तो साधारण पंधरा-सोळा वर्षांपर्यंत मुख्य हाडाला पूर्ण जुळलेला नसतो, मधे कुर्चेची ग्रोथ प्लेट (हाड जिथून वाढतं तो थर) असते आणि मनगट वाकवणारे स्नायू नेमके तिथेच चिकटलेले, त्यामुळे जोरात फेकलं की लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा) तुटायच्या आधी हाडाचा तुकडाच ओढून निघतो. 1960 मध्ये अमेरिकेत ब्रॉग्डन आणि क्रो या डॉक्टरांनी बेसबॉल खेळणाऱ्या पोरांमधला हा त्रास मांडला आणि तिथल्या लहान मुलांच्या लीगवरून त्याला ‘लिटल लीगर्स एल्बो’ नाव दिलं. त्या लीगने दिवसाला किती बॉल टाकायचे याची मर्यादा घातली ती थेट 2007 मध्ये (11-12 वर्षांच्या पोराला 85). म्हणजे सत्तेचाळीस वर्षं गेली मधे!

उपचारांवर तर अजून वाद आहेत. तुकडा सांध्यात अडकला तर ऑपरेशन, यावर सगळे एकमत. फारसा हललेला नसेल तर काही आठवडे प्लास्टर. मधल्या केसेसचं काय? 1986 मध्ये स्वीडनमधून 56 जणांचा अभ्यास आला, तुकडा जागेवर न बसवता तसाच ठेवलेला आणि 35 वर्षांनी बघितलं तर बहुतेकांचे हात मस्त चालत होते. पण रोजचं काम करणारा हात वेगळा आणि भाला फेकणारा वेगळा, म्हणून खेळाडू असेल तर बरेच सर्जन आता स्क्रू टाकून मोकळे होतात.

माझ्या तेरा वर्षांच्या भाच्याचं असंच झालं, फेकताना ‘कट्’ आवाज आला. आजीने आंबेहळदीचा लेप लावला, तिथपर्यंत ठीक, पण कुणीतरी चोळून पण दिलं, आणि कोपर चोळलं की ते आखडतं. डॉक्टरांनी दोन्ही कोपरांचे एक्स-रे काढायला सांगितले तेव्हा ताई म्हणाली, चांगल्या हाताचा कशाला, उगाच बिल वाढवतायत. दोन्ही फिल्म शेजारी लावल्या तेव्हा कळलं, चांगल्या हातातही तो तुकडा सुटाच दिसत होता, फक्त दुखऱ्या हातात मधली फट जास्त होती.