ओएफडब्ल्यू वेगळे, फिल-ॲम वेगळे: परदेशातले सगळे फिलिपिनो एकच नाहीत

दुबईत असताना माझी एक फिलिपिनो कलीग होती, अकाउंट्समध्ये. तिची सख्खी बहीण कॅलिफोर्नियात नर्स. दोघीही घरी पैसे पाठवायच्या, दोघीही ख्रिसमसच्या आधी भले मोठे खोके भरून पाठवायच्या, ज्याला ते बालिकबायान बॉक्स म्हणतात, त्यामुळे मी दोघींना एकाच हिशेबात धरायचे. एकदा तसं बोलून गेले तर ती लगेच म्हणाली, "ती इमिग्रंट आहे. मी ओएफडब्ल्यू." तेव्हापासून मी हा फरक नीट समजून घ्यायला लागले, कारण फिलिपिन्सबद्दल वाचताना सगळीकडे 'डायस्पोरा' हा एकच शब्द वापरतात आणि मग काहीच धड कळत नाही.

ओएफडब्ल्यू म्हणजे ओव्हरसीज फिलिपिनो वर्कर. कॉन्ट्रॅक्टवर गेलेला माणूस, बहुतेक वेळा दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, सौदी, यूएई, कुवेत, हाँगकाँग, सिंगापूर नाहीतर जहाजावर. फिल-ॲम म्हणजे फिलिपिनो अमेरिकन, जो तिकडे राहायलाच गेला किंवा तिकडेच जन्मला. आपल्याकडे रत्नागिरी-चिपळूणचा गल्फला गेलेला मुलगा आणि न्यू जर्सीत घर घेतलेलं जोडपं यांना आपण कधी एक समजतो का? तसंच आहे हे.

आणि हा फरक फक्त बोलण्यातला नाही, सरकारच निघताना माणसं वेगळी करतं. कामाला जाणाऱ्याला मायग्रंट वर्कर्स खात्याचं एक सर्टिफिकेट लागतं, ओईसी म्हणतात त्याला, ते नसेल तर मनिलाच्या एअरपोर्टवर इमिग्रेशनवाले पुढे सोडत नाहीत, आणि ते असलं की 1,620 पेसोंचा ट्रॅव्हल टॅक्स माफ. कायमचं राहायला जाणाऱ्याचं रजिस्ट्रेशन दुसऱ्याच ऑफिसात, कमिशन ऑन फिलिपिनोज ओव्हरसीज. म्हणजे दोघी बहिणी एकाच एअरपोर्टवरून गेल्या तरी कागद वेगळे.

मुळात दोन्ही वाटा सुरूच वेगवेगळ्या काळात झाल्या. अमेरिकेची जुनी. 1898 ते 1946 फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात होता, 1906 पासून हवाईच्या उसाच्या मळ्यांवर मजूर जायला लागले, त्यांना साकादा म्हणायचे. पुढे 1965 मध्ये कॅलिफोर्नियात डेलानोच्या द्राक्षमळ्यांमधला संप आधी लॅरी इटलियाँग आणि त्यांच्या फिलिपिनो साथीदारांनी सुरू केला, मेक्सिकन-अमेरिकन कामगार नेते सेझर चावेझ यांची माणसं नंतर त्यात आली, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं याचं मला खरंच वाईट वाटतं. ओएफडब्ल्यूची वाट मात्र सरकारने आखलेली. 1974 चा लेबर कोड, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मार्कोस (थोरले), देशात नोकऱ्या नाहीत आणि गल्फमध्ये तेलाचा पैसा, तर माणसं बाहेर पाठवा. तात्पुरतं म्हणून सुरू केलेलं अजून चालूच आहे. 1988 मध्ये राष्ट्राध्यक्ष कोराझोन अकिनो यांनी हाँगकाँगमधल्या घरकाम करणाऱ्या बायकांना 'बागोंग बायानी' म्हटलं, नवे वीर. पण 17 मार्च 1995 ला सिंगापूरमध्ये फ्लोर कोन्तेम्प्लासिओन या घरकाम करणाऱ्या बाईंना फाशी झाली तेव्हा अख्खा देश रस्त्यावर आला, आणि त्याच वर्षी या कामगारांसाठीचा कायदा आला.

गल्फमध्ये वीस वर्षं काढली तरी सिटिझनशिप मिळत नाही, परत जायचंच असतं. म्हणून ओएफडब्ल्यूचं लक्ष सतत गावाकडे, घराचा स्लॅब, भावाची फी, एखादी जीपनी, म्हणजे तिकडची प्रवासी वाहतुकीची रंगीत गाडी. पूर्वी जीपनीवर 'कातास नंग सौदी' असं रंगवलेलं असायचं, म्हणजे सौदीत गाळलेल्या घामाचं फळ.

आता राजकारण, जिथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ओएफडब्ल्यू फिलिपिनो नागरिकच असतो, 2003 च्या कायद्याने त्याला बाहेरून मत देता येतं (आपल्या एनआरआयला मतासाठी स्वतः गावी यावं लागतं). अमेरिकन पासपोर्ट घेतलेल्याला मत हवं असेल तर आधी फिलिपिनो नागरिकत्व परत घ्यावं लागतं, तेही 2003 च्याच दुसऱ्या कायद्याने, आणि खूप जण ते घेतच नाहीत. मार्च 2025 मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्तेंना अटक करून हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी कोर्टात नेलं तेव्हा परदेशातल्या त्यांच्या समर्थकांनी आठवडाभर घरी पैसे न पाठवायची हाक दिली. हे हत्यार खरं तर ओएफडब्ल्यूचं. फिल-ॲमचा दबाव वेगळा, 1981 मध्ये सिअ‍ॅटलमध्ये सिल्मे डोमिंगो आणि जीन विएर्नेस या मार्कोसविरोधी युनियन कार्यकर्त्यांचा खून झाला आणि काही वर्षांनंतर अमेरिकन कोर्टाने त्यात मार्कोसना जबाबदार धरलं. पण म्हणून सगळे फिल-ॲम मार्कोसविरोधी असंही नाही हां, हवाईत इलोकानो, म्हणजे उत्तर फिलिपिन्सकडचे लोक खूप आणि मार्कोस त्यांच्याच भागातले.

'फिलिपिनएक्स' शब्दाचं भांडणही असंच. अमेरिकेत वाढलेल्या पोरांना तो सगळ्या जेंडरना सामावणारा वाटतो, मनिलाची माणसं म्हणतात अहो आमच्याकडे तो आणि ती दोघांना एकच 'सिया', आम्हाला याची गरजच काय. मला दोघांचंही पटतं, कारण ती पोरं इंग्रजीत जगतात.

आकड्यांतही हे दोघे मिसळतात. बँकांमधून येणाऱ्या पैशात अमेरिका पहिल्या नंबरवर, साधारण 40 टक्के, पण फिलिपिन्सची सेंट्रल बँक स्वतःच सांगते की इतर देशांतल्या पैसे पाठवणाऱ्या पुष्कळ केंद्रांचा पैसा अमेरिकेतल्या बँकांमार्फत येतो म्हणून तो अमेरिकेच्या नावावर पडतो. म्हणजे सौदीतल्या प्लंबरचे पैसेही कागदावर अमेरिकेचे दिसू शकतात.

माझ्या कलीगच्या बहिणीने सिटिझन झाल्यावर हिच्यासाठी पिटिशन टाकलंय. भावंडांच्या त्या कॅटेगरीत फिलिपिन्सची रांग वीस वर्षांच्या आसपास आहे. तोपर्यंत ही दर दोन वर्षांनी कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करते आणि सुट्टीवरून परतताना ओईसी काढते.